क्लच पेडल खाली गेलं ते वर येईना : मास्टर, स्लेव्ह की थेट गिअरबॉक्सच उतरवायचा?

घाटावरचा · शनिवार, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे वाचनमात्र होतो, आज गाडीनं बोलतं केलं.

गाडी डिझेल हॅचबॅक, २०१४ ची, १,१२,००० किमी झालेत. क्लच हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी ऑइलच्या दाबावर चालणारा. गेल्या रविवारी चिपळूणहून कऱ्हाडला परत येत होतो. सोबत आई, आणि मागच्या सीटवर दोन बरके फणस. कुंभार्ली घाटात पाऊस, धुकं, पुढं एक लोड ट्रक रांगत चाललेला. एका वळणावर दुसऱ्यातून पहिल्यात टाकायला गेलो तर गिअर पडेना. क्लच दाबला तर पायाला काही लागलंच नाही. पेडल गपकन खाली गेलं आणि तिथंच बसलं. बुटाचं टोक खाली घालून उचललं, चार-पाच वेळा धडाधड पंप केलं, तेव्हा कुठं कर्रर्र करत पहिला पडला. मागं हॉर्नांचा नुसता गजर. आई एक शब्द बोलली नाही, फणस धरून बसली होती. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

घाट चढून हेळवाकला चहाला थांबलो. अर्ध्या तासानं क्लच एकदम झकास! कऱ्हाडपर्यंत कुरकुर नाही.

सोमवारी गल्लीतल्या गॅरेजात दाखवली. "एअर पकडलीय" म्हणाला, म्हणजे क्लचच्या ऑइलमध्ये हवा शिरलीय. एअर काढली, ३०० रुपये घेतले. दोन दिवस बरं चाललं. गुरुवारी भर संध्याकाळी कोल्हापूर नाक्यावर परत तेच. मग सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी गाडी लिफ्टवर न घेताच सांगितलं की गिअरबॉक्स उतरवावा लागेल, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा सगळा सेट, मजुरीसकट ३१,०००.

एवढे पैसे घालायला ना नाही, पण घालून तेच झालं तर? जाणकारांनी उजेड पाडावा.

तिरका_डोळा · शनिवार, रात्री ११.०२

आधी हे सांगा, ड्रायव्हरच्या पायाखाली मॅट किती आहेत? हसू नका. आमच्या मेव्हण्यानं कंपनीच्या मॅटवर रबरी मॅट आणि त्यावर पावसाळ्याची म्हणून गोणपाट टाकलं होतं. पेडल पूर्ण खाली जातच नव्हतं, गिअर अडकत होते. गोणपाट काढलं, गाडी बरी झाली. खर्च शून्य.

घाटावरचा · शनिवार, रात्री ११.१०

एकच मॅट आहे. आणि माझं पेडल खाली जात नाही असं नाही, वर येत नाही.

चाकणकरीण · शनिवार, रात्री ११.३५

मी चाकणला गिअरबॉक्स असेंब्लीवर अकरा वर्षं काढलीत, म्हणून लिहिते. ३१,००० ची सही अजून करू नका.

क्लच स्लिप होणं आणि क्लच न सुटणं हे दोन वेगळे आजार आहेत, आणि लोक दोघांनाही "क्लच गेला" म्हणतात. स्लिप होत असेल तर चढाला ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ओरडतं, काटा वर जातो, गाडी मात्र जागेवर. जळका वास येतो. ते प्लेटचं दुखणं. तुमचं नेमकं उलटं आहे. पेडल दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना सोडत नाहीयेत. आणि पंप केल्यावर सोडतायत! म्हणजे आतली प्लेट, प्रेशर प्लेट आपापलं काम करायला तयार आहेत, तुमच्या पायाचा जोर त्यांच्यापर्यंत पोचत नाहीये. प्लेट कितीही झिजली तरी ती पंप केल्यानं बरी होत नाही.

मला हे सांगा:

ब्रेक ऑइलची बाटली बघा. बहुतेक गाड्यांत क्लचलाही त्याच बाटलीतून ऑइल जातं. लेव्हल किती, रंग कसा?

गिअरबॉक्सवर बाहेरून स्लेव्ह सिलिंडर (पेडलकडच्या मास्टर सिलिंडरचं ऑइल ज्याला ढकलतं तो खालचा) दिसतोय का? अंगठ्याएवढा-दीड अंगठ्याएवढा नळकांडा, पुढं रबरी बूट, त्यातून दांडी निघून फोर्कला, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या दांड्याला, ढकलते. दिसत नसेल आणि पाइप थेट बेलहाउसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) आत जात असेल तर स्लेव्ह आतमध्ये आहे, बेअरिंगच्या सोबत. तसं असेल आणि तोच गेला असेल, तर मात्र गिअरबॉक्स उतरवण्यावाचून सुटका नाही. सर्व्हिस सेंटरवाले तेच गृहीत धरून बोलले असतील, त्यांना अगदीच चोर ठरवू नका.

तिसरं, क्लच पटकन दाबला तर लागतो आणि हळू दाबला तर नाही, असं होतं का?

मु_पो_गुहागर · रविवार, सकाळी ७.१५

फणस कापा आदी. वाटेत बंद पडली असती तर आंबलेच असते.

घाटावरचा · रविवार, सकाळी १०.४०

चाकणकरीणताई, सकाळी छत्री धरून बॉनेट उघडलं. उत्तरं देतो.

बाटली एकच आहे. ऑइल मिनिममच्या जरा वर, रंग आपल्या काळ्या चहासारखा, कडेला काळा गाळ. शेवटचं कधी बदललं? खरं सांगू? बदललेलं आठवत नाही.

स्लेव्ह बाहेरच आहे. बॅटरीच्या खाली, टॉर्च मारल्यावर दिसला. बूट कोरडा वाटतोय.

आणि तिसऱ्याला दंडवत. हो! आज मुद्दाम करून बघितलं. फटकन दाबला तर क्लच लागतो. ट्रॅफिकमध्ये दाबतो तसा सावकाश दाबला की पेडल नुसतंच खाली, रिव्हर्स टाकताना कर्रर्र. हे कसं काय?

चाकणकरीण · रविवार, दुपारी १२.२०

मग माझा संशय वरच्या सिलिंडरवर, म्हणजे मास्टरवर. इंजेक्शनची सिरिंज डोळ्यांपुढं आणा. दट्ट्याला पुढं रबराची वाटी असते. पेडल दाबलं की ही वाटी ऑइलला पुढं पाइपात ढकलते, आणि दाबानं तिचे ओठ फाकून सिलिंडरच्या भिंतीला घट्ट चिकटतात. वाटी झिजली की हळू दाबताना ओठ नीट फाकत नाहीत, ऑइल पुढं जायच्या ऐवजी वाटीच्या कडेनं मागं सरकतं आणि परत बाटलीत येतं. फटकन दाबलं की ओठ एका झटक्यात फाकतात, क्लच लागतो. बाहेर थेंब नाही, लेव्हल फारशी कमी नाही, आणि तरी पेडल बसतं, याचा अर्थ बहुतेक वेळा हाच. घाटात ऑइल तापून पातळ होतं, क्लचचा वापर दसपट, म्हणून तिथं नडलं. हेळवाकला गार झालं, वाटी पुन्हा धरायला लागली.

पण संशय म्हणजे निदान नव्हे. पेडलच्या वर, जिथं मास्टरची दांडी फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) येते, तिथं बोट फिरवून बघा ओलं आहे का.

निवृत्त_चाक · रविवार, दुपारी २.००

ताई बोलतात ते खरं हाय. आमी ट्रकवर तेहतीस वर्सं काढली. क्लच गेला म्हनून गाडी कधी घाटात सोडून आलो न्हाई. गाडी बंद करायची, पयल्या गिअरात टाकायची, सेल्फ मारायचा. गाडी हिसका देऊन चालू होती आन् चालायला लागती. मग गिअर काढायचा तो ॲक्सिलरेटर सोडता सोडता. वरचा टाकताना इंजिनाचा आवाज उतरू द्यायचा, गिअर आपसूक आत जातो. जोर लावायचा न्हाई, दोन बोटांनी धरायचा. सिग्नलला गाडी बंद. उतारावर आसं काय करू नका, आदीच खालच्या गिअरात ऱ्हावा.

तिरका_डोळा · रविवार, दुपारी २.१५

काका, हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही. तिथं ही विद्या चालायची नाही. पण पोस्ट वाचून अंगावर काटा आला हे खरं.

बाराभानगडी · रविवार, दुपारी ३.४०

ऑइल कमी झालंय ना? घरात पॉवर स्टेअरिंगचं किंवा इंजिन ऑइल पडलं असेल तर टॉप अप करा आणि बघा आधी. ऑइल ते ऑइल. उगाच काय खोलत बसायचं.

पाना_नंबर_दहा · रविवार, दुपारी ३.४८

नको!!! घाटावरचा, हा प्रतिसाद वाचलाच नाही असं समजा.

ब्रेक ऑइल हे नावालाच ऑइल आहे. ते ग्लायकॉलवर बनतं, पाण्यात विरघळतं. त्यातली रबरं त्यासाठीच बनवलेली असतात. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टेअरिंगचं ऑइल त्यांना लागलं की रबर फुगतं, गुलाबजाम पाकात फुगावा तसं. फुगलेली वाटी पूर्ण मागं येत नाही, बाटलीकडं जाणारं बारीक भोक उघडत नाही, आणि मग क्लच कायम अर्धा दाबलेला राहतो. आणि तुमची बाटली ब्रेकचीही तीच आहे. क्लचबरोबर ब्रेकची रबरंही जातील. आमच्याकडं एकानं ही हुशारी केली होती. मास्टर, स्लेव्ह, चारही चाकांची रबरं, होज, सगळं बदलावं लागलं.

ओळखायची खूण सांगतो. गाडीखाली डाग पडला आणि कशाचा ते कळेना, तर थेंबभर वाटीतल्या पाण्यात टाका. तरंगला तर इंजिन किंवा गिअर ऑइल. विरघळून गेला तर ब्रेक ऑइल.

बाराभानगडी · रविवार, दुपारी ४.०५

बरं बाबा. चूक झाली. माझ्या स्कूटरला चालतं म्हणून म्हटलं.

पाना_नंबर_दहा · रविवार, दुपारी ४.०९

स्कूटरला हायड्रॉलिक क्लच?

तिरका_डोळा · रविवार, दुपारी ४.११

धाग्याचं काश्मीर व्हायच्या, म्हणजे विषय भांडणात भरकटायच्या आत घाटावरच्यांनी बोट कुठं ओलं झालं ते सांगावं.

घाटावरचा · रविवार, रात्री ९.३०

बोट ओलं नाही, पण दांडीच्या बुटाखाली काळपट चिकट काहीतरी होतं. पाण्यात टाकलं तर विरघळलं. म्हणजे किंचित पाझरतोय.

आता वर-खाली कोण दोषी हे पक्कं कसं करायचं? दोन्ही बदलायचे का?

पाना_नंबर_दहा · रविवार, रात्री १०.००

स्लेव्हकडं जाताना शेवटचा वीतभर पाइप रबरी आहे का बघा. असेल तर एक लॉक पक्कड घ्या, जबड्यांना जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळा, आणि होज हलकेच चेपून बंद करा. मग पेडल दाबा. पेडल दगडासारखं कडक झालं आणि धरून ठेवल्यावर खाली सरकलं नाही, तर मास्टर निर्दोष, दोष चिमट्याच्या पलीकडं. होज बंद असूनही पेडल सावकाश खाली बसत गेलं, तर मास्टरच. चिमटा काढल्यावर होज तपासा, जुनी होज आतून फाटते. पाइप प्लॅस्टिकचा असेल तर हे करू नका, तुकडाच पडेल.

दुसरा माणूस घेऊन अजून एक करा. तो पेडल पूर्ण दाबेल, तुम्ही स्लेव्हची दांडी किती सरकते ते बघा. मग पेडल मिनिटभर दाबूनच ठेवायला सांगा. दांडी हळूहळू मागं येत असेल तर दाब कुठंतरी गळतोय. इंजिन बंद ठेवून करा, हात पंख्याजवळ असतो.

सुगरण_सातारा · रविवार, रात्री १०.२०

वाचतेय. आमच्याकडं परवा हेच झालं आणि नवऱ्यानं सरळ प्लेट बदलून आणली. आता हा धागा त्याला दाखवू की नको?

तिरका_डोळा · रविवार, रात्री १०.२२

दाखवा. पण जेवण झाल्यावर.

घाटावरचा · मंगळवार, रात्री ८.४५

चिमटा चाचणी केली. बायको पेडलवर, मी बॉनेटमध्ये. होज बंद असताना पेडल कडक झालं, मी "झालं, मास्टर सुटला" म्हणणार तोच ती म्हणाली, "अहो, खाली चाललंय." घड्याळ लावलं. वीसेक सेकंदांत जमिनीला टेकलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

मास्टर. चाकणकरीणताई, तुमच्या निदानाला साष्टांग नमस्कार.

आता गल्लीतला मिस्त्री म्हणतो, पूर्ण सिलिंडर कशाला, २८० रुपयांचं रबर किट टाकतो. नवा मास्टर २,४०० ला मिळतोय. काय करू?

चाकणकरीण · मंगळवार, रात्री ९.३०

किट टाकायला हरकत नाही, पण सिलिंडर उघडल्यावर आतली भिंत बघा. पुसून घ्या, उजेडात धरा, नख फिरवा. नख कुठंही अडलं, काळे टिपके, खाचा दिसल्या, तर किट वाया जाणार. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, कोकणच्या हवेत तर जास्तच. ते पाणी आतल्या धातूला कुरतडतं. खाच पडलेल्या भिंतीवर नवं रबर म्हणजे किसणीवर फुगा घासणं.

आणि मास्टर नवा टाकलात तर स्लेव्हही त्याच दिवशी बदला. दोघांनी सारखंच घाण ऑइल खाल्लंय, दोघांचं वय एक. वरचा नवा झाला की दाब पहिल्यासारखा बसतो आणि इतके दिवस निवांत असलेला खालचा म्हातारा हात टेकतो.

टोरांटोतला_तात्या · मंगळवार, रात्री १०.०५

इकडे बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळं आतून नव्हे, बाहेरूनच लोखंडी पाइप गंजून फुटतात. माझा क्लच पाइप असाच गेला, उणे सतरा तापमानात पार्किंगमध्ये. तेव्हा तुमच्याकडचेही समुद्रकाठचे लोक पाइपावर हात फिरवून बघा, फोड आलेत का. बाकी फणसाची पोस्ट वाचून जीव तुटला.

घाटावरचा · शनिवार, रात्री ११.१५

आज सुट्टी होती, मिस्त्रीला घरी बोलावून आम्ही दोघांनी केलं. सविस्तर लिहितो, कुणाला उपयोग होईल.

बाटलीतलं जुनं ऑइल आधी सिरिंजनं जवळजवळ काढून घेतलं. क्लचची नळी बाटलीला बरीच वर जोडलेली असते हे तेव्हा दिसलं. म्हणजे क्लच गळून गळून ऑइल संपलं तरी खालचं ब्रेकच्या वाट्याला उरतं. ज्यानं हे डोकं चालवलं त्याला नमस्कार.

मास्टरची पिन पेडलला आतून असते. ती काढायला ड्रायव्हर सीटच्या पायात डोकं आणि सीटवर पाय, असा शीर्षासनाचा प्रकार. मिस्त्रीला पोट असल्यानं हे माझ्या वाट्याला आलं. लॉक काढलं, पिन निसटली आणि कार्पेटखाली गेली. अर्धा तास शोधली. दोन रुपयांचं नाणं, तासवडे टोलची पावती, एक शेंगदाणा, सगळं सापडलं. पिन माझ्याच शर्टाच्या खिशात निघाली.

मास्टर उघडला. ऑइल नव्हे, काजळ होती. वाटीचा ओठ एका बाजूनं ब्लेडनं कापल्यासारखा. आणि भिंतीवर, नेमकी वाटी घासते तिथं, तांदळाच्या दाण्याएवढी खाच. नख अडलं. मिस्त्रीनं "चालतंय की" म्हटलं, पण मी ऐकलं नाही. नवा मास्टर टाकला.

स्लेव्ह मात्र बदलला नाही. तो कोरडा होता, आणि १,३५० वाचले. ताई रागावतील.

खरा तमाशा पुढं झाला. नवीन डॉट ४ ब्रेक ऑइल भरलं, एअर काढायला बसलो. मी पेडलवर, मिस्त्री खाली स्लेव्हच्या निप्पलवर (हवा सोडायचा स्क्रू). "दाबा. धरा. सोडा." शंभरदा केलं असेल. पेडल जसंच्या तसं मऊ. नव्या मास्टरमध्ये हवा अडकलीय आणि ती निघेचना. रात्रीचे साडेआठ झाले, मिस्त्री "उद्या बघू" म्हणून गेला. गाडी दारात, पेडल जमिनीवर. सुचवा.

पाना_नंबर_दहा · शनिवार, रात्री ११.३०

हवा वर चढते, तुम्ही तिला वरून खाली ढकलताय. उलटं करा.

औषधाच्या दुकानातून ६० मिलीची सिरिंज आणि सलाईनची नळी आणा. बाटलीतून थोडं ऑइल काढून जागा करा, नाहीतर ओसंडेल. सिरिंजमध्ये स्वच्छ ऑइल भरा, नळीतली हवा आधी बाहेर काढा, नळी स्लेव्हच्या निप्पलवर घट्ट बसवा, निप्पल अर्धा फेरा सैल करा आणि सावकाश वर ढकला. बाटलीत बुडबुडे येताना दिसतील. बुडबुडे थांबेपर्यंत करा. शेवटी सिरिंजला थोडा दाब धरूनच निप्पल आवळा. दहा नंबरचा रिंग पाना वापरा, फिक्स पाना लावला तर निप्पलचे कोपरे जातील.

नाहीतर ही आणखी सोपी युक्ती : स्लेव्हचे दोन बोल्ट काढून तो लटकता सोडा, निप्पलचं तोंड वर ठेवा, आणि दांडी हातानं आत ढकला. ऑइल उलटं वर जातं आणि हवा बाटलीत फुटते. पण स्लेव्ह सुटा असताना कुणीही पेडल दाबायचं नाही, पिस्टन गोळीसारखा बाहेर येतो.

रंगावर थेंब सांडला तर लगेच पाण्यानं धुवा, पुसत बसू नका. रंग खातं ते.

निवृत्त_चाक · रविवार, सकाळी ६.२०

आमी रात्रभर निप्पल ढिला ठेवून खाली डबा लावायचो. थेंब थेंब येत हवा आपोआप निगायची. सकाळी आवळायचा. घाई करनाऱ्याची हवा निगत न्हाई.

पाना_नंबर_दहा · रविवार, सकाळी ७.००

काका बरोबर बोलतात, चालतं तेही. फक्त बाटली रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर ब्रेकमध्येही हवा जायची.

घाटावरचा · रविवार, दुपारी १.३०

झालं!!! दुसऱ्या सिरिंजला बाटलीत चहा उकळावा तसे बुडबुडे आले. चौथ्या सिरिंजला बंद. पेडल दाबलं तर पायाला उत्तर मिळालं. खरंच, इतक्या वर्षांत हे पेडल असं कधी लागलंच नव्हतं. रिव्हर्स लोण्यासारखा पडतोय.

हिशेब : मास्टर २,४००, डॉट ४ अर्धा लिटर २६०, सिरिंज आणि नळी ७०, मिस्त्री ७००. एकूण ३,४३०.

सुगरण_सातारा · रविवार, दुपारी २.१०

अभिनंदन! नवऱ्याला धागा दाखवला. तो आता बोलत नाहीये.

मु_पो_गुहागर · रविवार, दुपारी ४.००

वाचनखूण साठवली आहे. डॉट ३ आणि डॉट ४ मध्ये काय टाकायचं? दुकानदार म्हणतो दोन्ही सारखंच.

चाकणकरीण · रविवार, दुपारी ५.१५

बाटलीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, तेच टाका. डॉट ३ कोरडं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ २३० ला. पाणी शोषल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ पर्यंत उतरतात. डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ चालतं, उलटं करू नका. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ वेगळं, ते पुन्हा ग्लायकॉलचंच. नावं ठेवणाऱ्यानं गोंधळ घालून ठेवलाय खरा. आणि बाटली उघडून वर्षभर फडताळात ठेवलेलं ऑइल वापरू नका. साधारण दोन वर्षांनी बदलायचं.

घाटावरचा, स्लेव्हकडं लक्ष ठेवा.

घाटावरचा · आठ दिवसांनी, सोमवार, रात्री ९.५०

ताई, बोला काय बोलायचं ते.

आज सकाळी गाडी काढली तर जागेवर तळहाताएवढा ओला डाग. पाण्यात टाकलं, विरघळलं. स्लेव्हचा बूट सोलला तर आतून ऑइल चहाच्या किटलीसारखं ओतलं गेलं. पेडल अजून लागतंय, पण बाटली दोन बोटं खाली.

चाकणकरीण · सोमवार, रात्री १०.०५

काही बोलत नाही. १,३५० चा आणा. सिरिंज जपून ठेवलीय ना?

घाटावरचा · बुधवार, रात्री ८.३०

आणला, बसवला. या वेळी मिस्त्री नाही, मी आणि बायको. पाऊण तास लागला. दोन बोल्ट, एक पाइप, एक कॉपर वॉशर (जुना वॉशर परत लावू नका, गळतो), मग खालून सिरिंज. आज संध्याकाळी गावात तासभर हळू-हळू, थांबत-थांबत चालवली. पेडल धरून मिनिटभर पहिल्यात उभी केली. एक इंचही पुढं सरकली नाही.

येत्या रविवारी परत चिपळूणला. या वेळी आई म्हणते एसटीनं जाते.

पाना_नंबर_दहा · बुधवार, रात्री ८.५०

छान. आता एक प्रश्न. बाटली एकच होती ना? मग चारही चाकांच्या ब्रेकमधलं ऑइल अजून तेच काळ्या चहाचं आहे की?

घाटावरचा · बुधवार, रात्री ८.५२

...

घाटावरचा · बुधवार, रात्री ८.५८

दहा नंबरचा पाना चालतो का तिकडं?

पाना_नंबर_दहा · बुधवार, रात्री ९.०१

काहींना आठ, काहींना दहा, काहींना अकरा. लांबच्या चाकापासून सुरू करा, आणि घाट उतरायच्या आधी करा, नंतर नको.

नवखा१९ · गुरुवार, सकाळी ११.४०

उपयुक्त धागा. माझी मारुती ८०० आहे, तिचाही क्लच जड झालाय. तिची एअर कुठून काढायची?

तिरका_डोळा · गुरुवार, सकाळी ११.४३

तिला केबल असते हो. केबल बदला.